अकराव्या मिनिटाचे पाहुणे

माझ्या राज्यात सगळं यथासांग चाललं होतं. चौघीजणी फळांच्या झुडपांपाशी, सहाजण लाकूडतोडीला, एकजण रानडुकराला डिवचून टाउन सेंटरपर्यंत पळवत आणायच्या नाजूक कामगिरीवर. घरं मी एका ओळीत बांधली होती, दोन घरांत सारखं अंतर सोडून, म्हणजे पुढेमागे रस्तारुंदी निघाली तरी प्रश्न नको. आता गिरणीपाशी शेतं कुठून सुरू करावीत, एवढीच काय ती चिंता होती. तोच जंगलाच्या बाजूने शिंग वाजलं. जाऊन पाहतो तर तीन घोडेस्वार माझ्या लाकूडतोड्यांभोवती फेर धरून नाचतायत.

"हे कोण?" मी ओरडलो.

"मी," आतल्या खोलीतून भाचा म्हणाला.

"अरे, पण आत्ता तर बसलो आपण!"

"अकरावं मिनिट चालू आहे, मामा."

त्या अकरा मिनिटांतही मेख आहे. या खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या १.७ पट पळतं. म्हणजे भिंतीवर जेमतेम साडेसहा मिनिटं झाली होती. ताईने गॅसवर ठेवलेल्या चहाला अजून उकळी फुटली नव्हती आणि माझी चार माणसं गेली होती.

खेळाचं नाव एज ऑफ एम्पायर्स २. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो १९९९ मध्ये काढला. कंपनी २००९ मध्ये बंद पडली, पण खेळ २०१९ मध्ये रीडेव्हलपमेंट झालेल्या वाड्यासारखा नव्या रंगात पुन्हा उभा राहिला, जुन्या भाडेकरूंसकट. त्या भाडेकरूंपैकी मी एक. माझी आणि या खेळाची गाठ २००२ च्या सुमारास पेठेतल्या एका सायबर कॅफेत पडली. तासाला वीस रुपये, आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू. आम्ही सहा मित्र सहा राजे व्हायचो, आणि खेळ सुरू होण्याआधी करार व्हायचा : वीस मिनिटं रश, म्हणजे दुसऱ्याचं राज्य उभं राहायच्या आत धाड, नाही. लग्नाच्या याद्या करताना जेवढं गांभीर्य असतं तेवढं तिथे असे. कोणी कोणाच्या हद्दीत यायचं नाही, मेंढ्या पळवायच्या नाहीत, वाटेत गाठ पडलीच तर घोडा बाजूला घ्यायचा.

वीस मिनिटं उलटली की काय व्हायचं? काही नाही. तिसाव्या मिनिटाला कोणीतरी "करू का रे सुरुवात?" असं विचारायचा आणि बाकीचे पाचजण म्हणायचे, "थांब, जरा युनिव्हर्सिटी होऊ दे." खेळात युनिव्हर्सिटी नावाची इमारत खरंच आहे, आणि आम्ही पुण्यातले असल्यामुळे तिच्याशिवाय साम्राज्य पुरं झालं असं कोणालाच वाटत नसे. मग कॅफेवाले काका मॉनिटरवर टकटक करून "वेळ संपली" म्हणायचे आणि सहा भरभराटीला आलेली साम्राज्यं एकाच वेळी बंद व्हायची. चार वर्षांत मी किती राजधान्या वसवल्या याची गणती नाही. लढाई संपलेली एकदाही पाहिली नाही.

करार फक्त एकाने मोडला. बाराव्या मिनिटाला त्याने घोडे पाठवले आणि पाचही राज्यांत हाहाकार उडवला. आम्ही त्याला दोन आठवडे वाळीत टाकलं. तो आता जर्मनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आम्ही बाकीचे पाचजण पुण्यातच आहोत.

तर असा मी, वीस वर्षांच्या खंडानंतर, नववीतल्या भाच्यासमोर बसलो होतो. करार करायचं राहून गेलं होतं.

"रश केला ना रे तू," मी जरा दुखावून म्हणालो.

"रविवार आहे, रश असणारच," ताई चहा घेऊन आली. "लक्ष्मी रोडला तर पाय ठेवायला जागा नव्हती."

भाच्याने पोह्यांची बशी बाजूला सारली, कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं केलं आणि मला स्काउट रश शिकवायला घेतला. मी बँकेत गृहकर्ज विभागात आहे. आकडे समोर आले की माझं दुःख जरा कमी होतं.

हिशेब असा. सुरुवातीला तुमच्याकडे तीन गावकरी, टेहळणीला एक घोडेस्वार म्हणजे स्काउट, २०० अन्न, २०० लाकूड. एक गावकरी घडवायला ५० अन्न आणि २५ सेकंद. फ्यूडल एज नावाच्या पुढच्या युगात जायचं तर ५०० अन्न मोजायचं. तबेल्याला १७५ लाकूड, पण बराक बांधल्याशिवाय तबेल्याला परवानगी मिळत नाही, आणि बराकीचे आणखी १७५. (एका परवानगीसाठी आधी दुसरी, हे तत्त्व डॅलसच्या लोकांना कसं सुचलं कोण जाणे. कोणीतरी आपल्याकडे घर बांधून गेला असावा.) मग एकेक घोडेस्वार ८० अन्नाला. सोनं लागत नाही, घोड्याला लाकूड लागत नाही, फक्त खायला घालायचं. फ्यूडलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर हा स्काउट आपोआप आणखी चपळ होतो आणि त्याचा घाव तीनवरून पाचावर जातो. गावकऱ्याचा जीव पंचवीस. पाच घावांत माणूस आडवा.

मी बेरीज केली. तीन घोड्यांचे २४० अन्न, बराक आणि तबेल्याचे मिळून ३५० लाकूड. बदल्यात माझे चार गावकरी, म्हणजे २०० अन्न.

"हा तोट्यातला व्यवहार आहे," मी पान त्याच्याकडे सरकवलं. "असला प्रस्ताव मी टेबलावरच परत केला असता."

"मामा, मारायला कोण येतं?" तो म्हणाला. "तुला कामावरून उठवायला येतात."

हे वाक्य ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. कारण ते मला नवीन नव्हतं. आमच्या शाखेत ऑडिटर येतात तेव्हा नेमकं हेच होतं. ते कोणाला काही करत नाहीत. एक खुर्ची मागतात, बिनसाखरेचा चहा मागतात आणि मधूनच एखादी फाइल. पण त्या तीन दिवसांत शाखेतलं एकही कर्ज पुढे सरकत नाही. जो तो आपलं कपाट आवरत असतो. ऑडिटर गेल्यावर कळतं की चूक एकही निघाली नाही आणि महिन्याचं उद्दिष्ट मात्र गेलं. माझ्या लाकूडतोड्यांचं तेच झालं. चार मेले, पण उरलेले झाडाकडून घराकडे आणि घराकडून झाडाकडे पळत राहिले, आणि पळणारा माणूस लाकूड तोडत नाही. लाकूड नाही म्हणून शेत नाही, शेत नाही म्हणून अन्न नाही, अन्न नाही म्हणून पंचवीस सेकंदांनी जन्माला यायचा तो गावकरी जन्माला येत नाही. जो जन्मलाच नाही त्याची नोंद मेलेल्यांच्या रकान्यात कुठेच होत नाही. म्हणून माझी बेरीज चुकली.

आणि मी घंटा वाजवली होती, हा आणखी एक मूर्खपणा. टाउन सेंटरला एक घंटा असते. ती दाबली की गावातला माणूस न् माणूस हातातलं काम टाकून आत धावतो आणि आतून बाण सुटू लागतात. ऐकायला छान वाटतं. पण टाउन सेंटरमध्ये जागा पंधरांची, आणि माझी रयत तेव्हा बाविसांची. पंधराजण आत गेले. उरलेले सातजण दारात उभे, संध्याकाळी सहा-बाराच्या लोकलला लटकू पाहणाऱ्यांसारखे. शिवाय रानडुक्कर आणणारा तो बिचारा घंटा ऐकून परत फिरला, तो थेट डुकराच्या पुढ्यात. तीन घोड्यांसाठी मी बावीस माणसांना सुट्टी दिली. पडद्याच्या कोपऱ्यात रिकाम्या बसलेल्या गावकऱ्यांचा आकडा दाखवणारं एक बटण असतं. धोका टळल्याची घंटा दिल्यावर निम्मे कामावर परतले आणि निम्मे "आता काय करायचं?" असा चेहरा करून उभे राहिले. तो आकडा मला आमच्या शाखेतल्या दुपारी तीनच्या वेळेसारखा वाटला.

मेंढ्यांबद्दल तर बोलायलाच नको. या खेळात मेंढीला निष्ठा नाही. मालक जवळपास नसला आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसाची नुसती नजर तिच्यावर पडली, तरी ती तिथल्या तिथे रंग बदलते आणि त्याच्या मागे चालू लागते. पक्षांतरबंदी कायदा मेंढ्यांना लागू नाही. माझ्या दोन मेंढ्या भाच्याने पहिल्या तीन मिनिटांतच नेल्या होत्या. मला वाटत होतं, त्या चरायला गेल्यात.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे लूम, अर्थात हातमाग. ५० सोनं मोजून टाउन सेंटरमध्ये हातमागाचं ज्ञान घ्यायचं. सगळ्या गावकऱ्यांचा जीव पंचविसावरून चाळीस होतो, वर एक थर चिलखतही मिळतं, त्यामुळे जो पाच घावांत मरायचा त्याला आता दहा लागतात. थोडक्यात, घरी विणलेला स्वेटर घातलेला माणूस घोडदळापुढे दुप्पट टिकतो. थंडीत स्वेटर घाल म्हणून ओरडणाऱ्या तमाम आयांना हे दाखवायला हवं.

दुसरा उपाय भालाईत. ३५ अन्न, २५ लाकूड. घोडा दिसला की त्याच्या अंगात संचारतं, साध्या तीनच्या घावावर आणखी पंधराची भर पडते, आणि पंचेचाळीस जिवाचा स्काउट तीन भोसक्यांत गारद. कागदावर याच्याइतका स्वस्त आणि पक्का बंदोबस्त नाही. फक्त अडचण अशी की घोडा त्याच्या दीडपट वेगाने पळतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन बुलेटवरून सायलेन्सर फोडत जाणाऱ्या पोरांच्या मागे काठी घेऊन धावतो, त्या दृश्याला मी वर्षानुवर्षं हसत आलो. आता हसत नाही.

तिसरा उपाय कुंपणाचा. त्याकडे नंतर येतो, कारण त्यानेच माझा घात केला.

इथे वाचकाच्या मनात एक शब्द आला असेल, तो माझ्याही आला. चपळ घोडी घेऊन यायचं, रसद तोडायची, समोरासमोर भिडायचं नाही, शत्रू जमला की निघून जायचं. चौथीच्या इतिहासापासून आपण हे छाती फुगवून वाचत आलो. गनिमी कावा! गोष्ट अशी की तो वाचताना आपण नेहमी घोड्यावर असतो. पुस्तक मिटताना कोणीही स्वतःला औरंगजेबाच्या छावणीतला धान्य मोजणारा कारकून समजत नाही. त्या रविवारी मी तो कारकून झालो. मोगलांच्या घोड्यांना पाणी पिताना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे म्हणतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा पिताना मला कपात तीन स्काउट दिसले, आणि मी कप ठेवून आधी मागे वळून पाहिलं.

पण मग मी जरा खोलात गेलो, आणि कळलं की माझ्यासारखे दुःखी जगभर पसरलेत. स्टारक्राफ्ट नावाचा १९९८ चा खेळ आहे, अंतराळातला. त्यात झर्ग नावाची किड्यांची जात आहे, आणि त्यांचा झर्गलिंग नावाचा चावरा किडा ५० खनिजांत एका अंड्यातून जोडीने निघतो. बारीकसारीक बांधकामाच्या भानगडीत न पडता सुरुवातीलाच असे सहा किडे समोरच्याच्या अंगणात सोडले, की तो पहिली भिंत उभी करेपर्यंत खेळ संपतो. या प्रकाराचं नाव झर्ग रश. ते इतकं रुळलं की २०१२ मध्ये गुगलवर हे दोन शब्द टाकले की 'ओ' अक्षरांची टोळी उतरून शोधाचे निकाल कुरतडू लागायची.

स्टारक्राफ्टचं वेड सगळ्यात जास्त कोरियात. तिथे त्याच्या लढती टीव्हीवर दाखवत, खेळाडूंना सिनेनटासारखा मान. नोव्हेंबर २००४ मध्ये एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लिम यो-ह्वान आणि होंग जिन-हो समोरासमोर आले. देशातली सगळ्यात गाजलेली जोडी, पाच डावांची लढत, लोक खाऊन-पिऊन रात्रभराच्या तयारीने बसलेले. होंगकडे झर्ग, म्हणजे रशचे पेटंटधारकच. लिमने काय केलं? पहिल्या डावात स्वतःचे कामगार आणि मोजके सैनिक घेऊन सरळ होंगच्या दारात गेला आणि तिथेच बंकर बांधायला काढला. होंग हरला. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. तिसऱ्यात, म्हणजे आता तरी हा लाज बाळगेल असं सगळ्यांना वाटलं तेव्हा, पुन्हा तेच. ३-०. ज्यांनी लढत बघता बघता खाऊ म्हणून चिकन मागवलं होतं, त्यांच्या दाराची बेल वाजायच्या आत सगळं आटोपलं होतं, असं कोरियात अजून सांगतात.

कोणी त्याला कोडगा म्हटलं असेल, कोणी हुशार. माझं मत विचाराल तर तिसऱ्या वेळीही तोच डाव टाकायला पहिल्या दोन वेळांपेक्षा जास्त धाडस लागतं. आणि अंतिम फेरीत हाच लिम आपल्याच संघातल्या धाकट्या खेळाडूकडून ३-२ ने हरला, हेही सांगायला हवं. चिकनवाल्यांना त्या दिवशी तरी बरं वाटलं असेल.

एवढं वाचल्यावर माझा जुना समज डळमळला. वीस वर्षं मी मानत आलो की रश म्हणजे लबाडी. आधी घर, मग दार, मग दाराला रंग, मग रीतसर कळवून लढाई, हाच सभ्य क्रम. पण नीट पाहिलं तर जोखीम रश करणाऱ्याचीच जास्त. त्याने पुढच्या युगाचं अन्न घोड्यांना घातलेलं असतं. घोडे रिकाम्या हाताने परतले तर तो सावकारी कर्जात बुडाल्यासारखा मागे पडतो. शिवाय त्याला दोन ठिकाणी डोळे लागतात, एक शत्रूच्या दारात, एक आपल्या घरात. उलट मी. मला फक्त कोणी येऊ नये एवढंच हवं असतं, आणि त्यालाच मी नीतिमत्ता म्हणत होतो. हूणांचं राज्य घेतलं तर घरं बांधावीच लागत नाहीत, अशी सोय एज ऑफ एम्पायर्समध्ये आहे. भाच्याने मला ते सुचवलं, तर मी म्हणालो, "नको, बेघर राजा बरा नाही दिसत." गृहकर्जवाल्याचा पिंड, दुसरं काय.

तर पुढच्या रविवारी मी सूड घ्यायचा ठरवलं. आठवडाभर तयारी केली. आकडे डायरीत लिहून काढले, जेवणाच्या सुट्टीत पाठ केले. खुर्चीवर उशी घेतली. भाच्याला काही सांगितलं नाही, उलट "आज मी छान शहर बांधणार आहे" अशी आवई उठवली. हा माझ्या आयुष्यातला पहिला गनिमी कावा.

त्याला आठ मिनिटं लागतात तिथे मला दहा लागली, पण मी फ्यूडलला गेलो. बराक झाली, तबेला झाला. तेराव्या मिनिटाला माझे तीन स्काउट धूळ उडवत भाच्याच्या सीमेवर पोहोचले. छातीत धडधडत होतं. बायको मागे येऊन म्हणाली, "अहो, बीपीची गोळी घेतलीत ना?"

समोर कुंपण होतं. त्याने दोन घरांमध्ये लाकडी मेढेकोट, मेढेकोटापुढे झाडी, झाडीला लागून गिरणी, गिरणीला लागून पुन्हा घर, असा अख्खा गाव शिवून टाकला होता. माझ्यासारखी अंतर सोडून बांधलेली घरं नव्हती, एकाला एक चिकटलेली, आणि तीच भिंत. माझे घोडे डावीकडून गेले, मागून फिरले, उजवीकडून आले. पत्ता हातात घेऊन मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सचं गेट शोधणाऱ्या पाहुण्यासारखी अवस्था. आत त्याच्या बायका निवांत फळं वेचत होत्या. मी दुसरा फेरा मारला. तिसरा मारला. त्या गडबडीत माझ्या घरी काय चाललंय हे पाहायचं राहून गेलं.

घरी टाउन सेंटर रिकामं बसलं होतं, कारण नवं घर बांधायला विसरलो होतो आणि आता पाळण्याला जागा नव्हती. नऊ गावकरी शेवटची मेंढी संपल्यावर तिथेच तिच्याभोवती उभे होते, तेराव्याला जमल्यासारखे. कोपऱ्यातला तो आकडा लुकलुकत होता. मी चौथा फेरा पुरा करत होतो तेव्हा शिंग वाजलं. भाच्याचे तिरंदाज आले होते, शांतपणे, संख्येने, रीतसर. म्हणजे ज्या दिवशी मी रश केला, त्या दिवशी त्याने माझ्या पद्धतीने राज्य केलं होतं.

विसाव्या मिनिटाला मी शरणागतीचं बटण दाबलं. ताईने विचारलं, "आज रश नव्हता का?"

खेळाचं रेकॉर्डिंग आपोआप साठवलं जातं. रात्री सगळे झोपल्यावर मी ते उघडलं आणि भाच्याच्या बाजूने पाहिलं. गिरणी आणि तिच्यामागच्या घराच्या मधे कुंपणात एक चौकट मोकळी राहिली होती, एक घोडा सहज आत जाईल एवढी. माझे स्काउट तिच्यासमोरून चार वेळा गेले होते.